केरळला जायचे, पण कोणत्या वाटेने?

बारामती-इंदापूरच्या प्रवाशांपुढे तीन रेल्वेमार्ग. निसर्ग पाहायचा असेल तर नकाशाइतकेच वेळापत्रकही महत्त्वाचे

बारामती - सहलीसाठी केरळ निश्चित होते, सुटीच्या तारखा जुळतात, घरातील ज्येष्ठही यायला तयार होतात आणि मग एक प्रश्न उरतो : जायचे कोणत्या मार्गाने? विमानाचा पर्याय बाजूला ठेवून मुद्दाम रेल्वेने जाणाऱ्यांची अपेक्षा केवळ मुक्कामी पोचण्याची नसते. वाटेतले डोंगर, नद्या, खाड्या खिडकीतून पाहता याव्यात, मुलांना देश दाखवता यावा, असा त्यामागचा हेतू असतो. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांचे भौगोलिक स्थान असे आहे, की येथून एर्नाकुलमला जाण्यासाठी एकमेकांपासून पूर्णतः भिन्न असे तीन लोहमार्ग उपलब्ध आहेत. तिन्ही मार्ग देखणे आहेत. तरीही चुकीची गाडी निवडली, तर त्यांतील सर्वांत देखणा भाग प्रवाशाच्या झोपेत निघून जातो.

ऊसतोडीची पाळी, मुलांच्या परीक्षा, नोकरदारांच्या रजा यांतून काढलेले आठ-दहा दिवस वर्षातून एकदाच मिळतात. आई-वडिलांना घेऊन केलेला एवढा लांबचा प्रवास तर अनेकदा पुन्हा होत नाही. त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी या तीन वाटांचा विचार अर्धा तास बसून करणे गरजेचे आहे.

सह्याद्रीची भिंत आणि तीन दारे

पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग दख्खनच्या पठारावर आहे. केरळ आहे सह्याद्रीच्या पलीकडे, समुद्राला लागून. म्हणजे कोणत्याही वाटेने गेले, तरी कोठे ना कोठे हा डोंगर ओलांडावाच लागतो. तो कोठे ओलांडायचा, यावरूनच तीन मार्ग पडतात.

पहिली वाट बोर घाटाची. पुण्याहून लोणावळा, खंडाळा, कर्जत असे उतरून पनवेल गाठायचे आणि तेथून कोकण रेल्वेने दक्षिणेकडे जायचे. दुसरी वाट पुण्याहून सातारा, मिरज, बेळगावमार्गे लोंढ्यापर्यंत पठारावरूनच जाते आणि कॅसलरॉक ते कुळे या दरम्यान घाट उतरून गोव्यात प्रवेश करते. तिसरी वाट घाट उतरतच नाही. ती दौंड, भिगवण, कुर्डुवाडी, सोलापूर, वाडी, गुंटकल, रेणिगुंटा असा मोठा वळसा घेते आणि तमिळनाडूतून पश्चिमेकडे वळून पालक्काडच्या खिंडीतून केरळात शिरते. सह्याद्रीच्या रांगेत तेथे सुमारे ३० ते ४० किलोमीटर रुंदीचे खिंडार आहे.

पहिल्या दोन वाटांसाठी बारामतीकरांना आणि इंदापूरकरांना पुणे गाठावे लागते. तिसरी वाट मात्र त्यांच्या दारावरूनच जाते. बारामती हे दौंडहून निघणाऱ्या फाट्याचे शेवटचे स्थानक आहे. इंदापूर शहरात रेल्वे नाही. तालुक्याला जवळचे स्थानक भिगवण. परंतु भिगवणला सर्व लांब पल्ल्याच्या गाड्या थांबत नाहीत, त्यामुळे व्यवहारात दौंड, कुर्डुवाडी किंवा पुणे यांचाच आधार घ्यावा लागतो.

नाव एक, वाटा दोन

आरक्षणाच्या संकेतस्थळावर 'पुणे ते एर्नाकुलम' असे टाकल्यास होणारा घोटाळा येथूनच सुरू होतो. या दोन शहरांदरम्यान दोन वेगवेगळ्या गाड्या आहेत आणि त्यांच्या वाटाही वेगळ्या आहेत. २२१५० क्रमांकाची गाडी आठवड्यातून दोनदा पनवेल आणि कोकण रेल्वेमार्गे जाते. ११०९७ क्रमांकाची पूर्णा एक्स्प्रेस आठवड्यातून एकदा मिरज, बेळगाव, लोंढामार्गे जाते. सुटण्याचे आणि पोचण्याचे ठिकाण तेच असल्याने अनेकांच्या हा फरक लक्षात येत नाही. ज्या दिवशी जागा मिळेल त्या दिवशीचे तिकीट काढले जाते आणि मार्ग कोणता होता, हे गाडीत बसल्यावर कळते.

तिसऱ्या वाटेवरची गाडी म्हणजे १६३८१ क्रमांकाची पुणे-कन्याकुमारी एक्स्प्रेस. जुन्या प्रवाशांना ती 'जयंती जनता' या नावाने आठवत असेल. पूर्वी ती मुंबईहून सुटे. २०२२ पासून पुण्याहून सुटते. ती रोज धावते, ही तिची सर्वांत मोठी सोय. प्रवासाचा वेळ मात्र तिन्हींत सर्वाधिक लागतो आणि गाडीत दोन रात्री काढाव्या लागतात.

कोकण रेल्वे : अपेक्षा समुद्राची, दर्शन खाड्यांचे

रोहा ते मंगळूरजवळील तोकूर असा ७४१ किलोमीटरचा कोकण रेल्वेमार्ग जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण लांबीने खुला झाला. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या मार्गावर ९१ बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटर लांब आहे, तर रत्नागिरीच्याच दक्षिणेस पानवल नदीवरील पूल ६४ मीटर उंच आहे. उक्षी स्थानकाजवळ पावसाळ्यात रानपाटचा धबधबा गाडीतून दिसतो.

या मार्गाविषयी दोन गोष्टी आधीच ठाऊक असलेल्या बऱ्या. पहिली अशी, की कोकण रेल्वे किनाऱ्यावरून जात नाही. ती समुद्र आणि सह्याद्री यांच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यातून जाते. समुद्राचे दर्शन फारच थोडे. जे दिसते ते खाड्यांचे, भातखाचरांचे, नारळी-पोफळीच्या बागांचे आणि लाल मातीच्या उभ्या कापलेल्या कड्यांचे. दुसरी गोष्ट बोगद्यांची. सर्व बोगद्यांची एकत्रित लांबी सुमारे ८४ किलोमीटर भरते. म्हणजे सरासरी नऊ किलोमीटरमागे जवळपास एक किलोमीटर अंधाराचा. त्यातही हे बोगदे मुख्यतः रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या टापूत दाटीने आहेत. गोवा ओलांडून कारवारकडे गेल्यावर दृश्य मोकळे होते. काळी, गंगावळी, अघनाशिनी आणि शरावती या नद्यांची रुंद मुखे एकापाठोपाठ एक येतात. होन्नावरजवळ शरावतीवरील पूल दोन किलोमीटरहून अधिक लांबीचा आहे.

आता वेळापत्रकाकडे पाहू. पुण्याहून कोकण रेल्वेमार्गे जाणारी २२१५० क्रमांकाची गाडी संध्याकाळी निघते. लोणावळ्याला पोचेपर्यंत अंधार पडलेला असतो, त्यामुळे बोर घाट दिसत नाही. पनवेलनंतर रात्र. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे तिन्ही जिल्हे झोपेत जातात. सकाळ होते ती गोव्याच्या आसपास. 'कोकण रेल्वेने जाऊन आलो' असे म्हणणाऱ्या प्रवाशाने प्रत्यक्षात महाराष्ट्रातील कोकण पाहिलेलेच नसते. मात्र त्याच गाडीतून कारवार ते मंगळूर हा नद्यांच्या मुखांचा पट्टा सकाळी आणि त्यानंतर कासरगोड ते कोळिकोड हा मलबारचा किनारा दुपारी उजेडात पाहायला मिळतो. ज्यांना केरळ गाडीतूनच पाहायला सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी ही गाडी उत्तम. महाराष्ट्रातील कोकण आणि घाट पाहण्याची आशा मात्र तिच्याकडून ठेवू नये.

तो भागही पाहायचाच असेल, तर मुंबईहून दिवसा सुटणाऱ्या गाड्यांचा आधार घ्यावा लागतो. लोकमान्य टिळक टर्मिनसहून तिरुअनंतपुरमला रोज जाणारी नेत्रावती एक्स्प्रेस दुपारच्या सुमारास पनवेलला येते. त्यामुळे रायगड आणि रत्नागिरीचा बराच भाग उजेडात सापडतो. रात्र कारवारच्या बाजूला पडते आणि केरळात सकाळ होते. मांडवी एक्स्प्रेस तर सकाळी मुंबईहून निघून संपूर्ण कोकण दिवसा पार करते, पण तिचा प्रवास मडगावलाच संपतो. बारामतीहून पनवेल गाठण्यासाठी पहाटे निघावे लागेल किंवा आदल्या रात्री मुक्काम करावा लागेल. हा वाढीव खर्च आणि दगदग ज्येष्ठांना झेपेल का, याचा विचार ज्याने त्याने करावा.

दूधसागरची वाट

कॅसलरॉक ते कुळे हा घाट सुमारे २६ किलोमीटरचा आहे. एकोणिसाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीजांची आणि पठारावर ब्रिटिशांची सत्ता असताना, दोन सरकारांतील करारानंतर मुरगाव बंदराला पठाराशी जोडणारा हा मार्ग उभारण्यात आला आणि १८८८ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. येथील चढ १:३७ इतका तीव्र आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना गाडी एक मीटर चढते किंवा उतरते. बोर घाटातही चढाचे हेच प्रमाण आहे. अशा ठिकाणी गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात आणि वेगही अगदी कमी ठेवावा लागतो. पाहणाऱ्याच्या दृष्टीने हा संथपणा फायद्याचाच ठरतो.

घाटाच्या मध्यावर ३१० मीटर उंचीचा दूधसागर धबधबा आहे आणि लोहमार्ग त्याच्या समोरूनच पुलावरून जातो. चहूबाजूंनी भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानाचे जंगल. या जंगलातून मार्गाचे दुहेरीकरण करण्यास दिलेली वन्यजीव मंडळाची मान्यता सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली होती.

रात्री पुण्याहून सुटणाऱ्या पूर्णा एक्स्प्रेसचे गणित येथे जुळते. जेजुरी, नीरा, लोणंद, सातारा हा ओळखीचा भाग रात्री मागे पडतो. बेळगावला सकाळ झालेली असते, घाट सकाळच्या उजेडात उतरला जातो आणि मडगाव दुपारच्या सुमारास येते. त्यानंतर हीच गाडी कोकण रेल्वेच्या मार्गाला लागून कारवार, होन्नावर, उडुपीकडे जाते. त्यामुळे दूधसागरचा घाट आणि कर्नाटकातील नद्यांची मुखे, अशा दोन मार्गांचे सार एकाच गाडीतून, एकाच दिवसात पाहता येते. रात्र होते ती केरळात शिरताना. मलबारचा किनारा अंधारात जातो, हा या गाडीचा तोटा. दुसरा तोटा म्हणजे ती आठवड्यातून एकदाच आहे. सहलीच्या तारखा गाडीच्या वाराप्रमाणे ठरवाव्या लागतात.

जाताना वेगळे, येताना वेगळे

एकाच गाडीचा जातानाचा आणि येतानाचा अनुभव किती वेगळा असू शकतो, याचे चांगले उदाहरण म्हणजे गोवा एक्स्प्रेस. दिल्लीतील हजरत निजामुद्दीन आणि वास्को यांच्यामधील ही रोजची गाडी पुणे, मिरज, लोंढामार्गे धावते. पुण्याहून गोव्याकडे जाणारी १२७८० क्रमांकाची गाडी घाट रात्री उतरते. गाडी दूधसागरसमोरून जाते, पण प्रवाशाला काहीही दिसत नाही. परत येणारी १२७७९ क्रमांकाची गाडी मात्र वास्कोहून दुपारी निघते आणि घाट दिवस मावळण्यापूर्वी चढू लागते. म्हणून केरळची सहल आटोपून गोव्यात एक मुक्काम करणाऱ्यांनी परतीसाठी या गाडीचा विचार करावा.

येथे आणखी एक हिशेब मांडायला हवा. गाड्या उशिरा धावतात, हे गृहीत धरावे लागते. पूर्णा एक्स्प्रेसला दोन-तीन तास उशीर झाला तरी घाट उजेडातच राहतो, कारण पुढे सगळा दिवस शिल्लक असतो. गोवा एक्स्प्रेसने परतताना तशी शिल्लक नसते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. गाडी तासभर रखडली तरी घाटाचा वरचा भाग अंधारात जाऊ शकतो. एप्रिल-मे महिन्यांत दिवस मोठा असल्याने ही अडचण कमी होते, पण तेव्हा धबधब्याला पाणी कमी असते. म्हणून ज्या ठिकाणासाठी गाडी निवडायची, त्या ठिकाणी ती सकाळी पोचत असेल तर उत्तम. सूर्यास्ताच्या तोंडावर पोचणारी गाडी बेभरवशाची समजावी.

पूर्वेची वाट : शहाबादी फरशी ते कडप्पा

सोलापूरमार्गे जाणाऱ्या तिसऱ्या वाटेला 'निसर्गरम्य' म्हणण्याची पद्धत नाही. धबधबे नाहीत, बोगदे नाहीत, जंगल थोडे. परंतु देश कसा बदलत जातो हे पाहायचे असेल, तर या वाटेइतकी शिकवणारी दुसरी वाट नाही.

पुण्याहून दौंड आणि सोलापूरकडे जाणारा हा महाराष्ट्रातील जुन्या लोहमार्गांपैकी एक. १८५८ ते १८६० या काळात तो टप्प्याटप्प्याने सोलापूरपर्यंत पोचला. बोर घाटातील मार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे मुंबईशी लोहमार्गाने सलग जोडले जाण्यापूर्वीच दौंडला आगगाडी येत होती. पुढे उजनी धरण झाले आणि भिगवण परिसरातील मार्गाचा काही भाग पाण्यामुळे हलवावा लागला. डिकसळचा ब्रिटिशकालीन पूल त्या जुन्या वाटेची खूण आहे.

कन्याकुमारी एक्स्प्रेस पुण्याहून मध्यरात्रीच्या सुमारास सुटत असल्याने दौंड ते सोलापूर हा भाग, म्हणजे इंदापूरकरांच्या घराजवळचा उजनीचा जलाशयही, रात्रीच ओलांडला जातो. अक्कलकोट रोड आणि गाणगापूर रोड ही दत्तभक्तांच्या परिचयाची स्थानके पहाटेच्या आसपास येतात. दिवस उजाडतो तो कर्नाटकात. शहाबाद आणि वाडीच्या परिसरात चुनखडीच्या खाणी दिसू लागतात. महाराष्ट्रातील हजारो घरांत, अंगणांत बसविलेली शहाबादी फरशी येथलीच. त्यानंतर दिवसभर गाडी रायचूर, गुंटकल, गुत्ती, ताडीपत्री करीत रायलसीमेतून जाते. गुत्तीचा डोंगरी किल्ला, पेन्नेचे कोरडे पात्र, उघडे खडक आणि मग कडप्पा. स्वयंपाकघराच्या ओट्याला ज्या काळ्या दगडामुळे हे नाव घरोघरी पोचले, तो दगड याच टापूत निघतो. शाळकरी मुले बरोबर असतील, तर भूगोलाचा यापेक्षा सोपा धडा सापडणे कठीण.

इंदापूरकरांसाठी या वाटेवर एक खास ठिकाण आहे. भीमा आणि नीरा यांच्या मध्ये वसलेल्या या तालुक्याच्या टोकाला, नीरा नरसिंहपूरला, दोन्ही नद्या एकत्र येतात. तीच भीमा पुढे रायचूरच्या उत्तरेस कृष्णेला मिळते आणि त्याच परिसरात गाडी कृष्णेवरील पूल ओलांडते. उजनीतून सोडलेले पाणी शेवटी जाते कोठे, याचे उत्तर खिडकीतून दिसते. पालक्काडची खिंड वेळापत्रकानुसार पहाटे येते. तेथे उजेड मिळेल की नाही, हे ऋतू आणि गाडीचा उशीर यांवर अवलंबून आहे. मे महिन्यात दिवस लवकर उगवत असल्याने संधी अधिक.

पावसाळ्याचा मोह आणि धोका

घाट आणि कोकण सर्वांत सुंदर दिसतात ते जून ते सप्टेंबर या काळात. याच काळात ते सर्वांत बेभरवशाचेही असतात. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि जून २००४ मध्ये महाडजवळ आंबवली येथे कोकण रेल्वेवर पावसाळ्यात भीषण अपघात झाले. तेव्हापासून पावसाळ्यात गाड्यांच्या वेगावर मर्यादा घालण्यावर भर देण्यात आला. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक स्वतंत्र असते. अनेक वर्षे ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे लागू असे. २०२५ मध्ये तो कालावधी १५ जून ते २० ऑक्टोबर असा करण्यात आला. या काळात काही गाड्यांच्या सुटण्याच्या आणि पोचण्याच्या वेळांत काही तासांचा फरक पडतो. मित्रांनी हिवाळ्यात केलेल्या प्रवासाच्या वेळा पाहून पावसाळ्याचे बेत आखू नयेत, ते यासाठीच.

एक मार्ग बंद झाला तर दुसरा आहे, असेही गृहीत धरता येत नाही. २३ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीमुळे कोकण रेल्वे विस्कळित झाली असताना मंगळूरहून मुंबईला जाणारी गाडी मडगाव, लोंढा, मिरजमार्गे वळविण्यात आली. दूधसागरच्या घाटात दरड कोसळून तीच गाडी रुळांवरून घसरली. ऑगस्ट २०२४ मध्ये याच घाटात मालगाडी घसरल्याने वाहतूक बंद पडली. त्याआधी जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरल्याने कोकण रेल्वे ठप्प झाली होती. पावसाळ्यात जायचेच असेल, तर परतीच्या प्रवासानंतर एक दिवस मोकळा ठेवावा आणि परीक्षा, लग्न, न्यायालयीन तारीख अशी कामे त्याला चिकटून ठेवू नयेत. अशा वेळी घाट टाळणारी सोलापूरची वाट लांबची असली, तरी अधिक भरवशाची ठरू शकते.

पावसाळा संपल्यानंतरचे पहिले काही आठवडे घाटमार्गांसाठी अनुकूल असतात. हिरवाई टिकून असते, दूधसागरला पाणी असते आणि गाड्या नेहमीच्या वेळांवर आलेल्या असतात. मात्र केरळात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीच्या मोसमी पावसाच्या सरी पडतात, याची तयारी ठेवावी. दिवाळीची सुटी नेमकी याच काळात येत असल्याने आरक्षणासाठी गर्दीही मोठी असते. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. त्यामुळे चार महिने आधी तिकीट काढून निश्चिंत होण्याची सोय राहिलेली नाही. साठावा दिवस कोणता, हे दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावे.

डबा कोणता, खिडकी कोणती

वातानुकूलित डब्यात प्रवास सुखाचा होतो. परंतु बंद, गडद आणि अनेकदा मळकट काचेतून दृश्य फिके दिसते. शयनयान डब्याची खिडकी उघडते. वारा, मातीचा वास, पाण्याचा आवाज आत येतो. बरोबर ज्येष्ठ असतील, तर दोन रात्रींच्या प्रवासाला वातानुकूलित डबा आणि एका रात्रीच्या प्रवासाला शयनयान, अशी विभागणी करता येते. बाजूची खालची जागा मिळाल्यास दिवसभर खिडकी आपलीच राहते. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतच उघडायचा असतो, हा नियम सहप्रवाशाला नम्रपणे सांगता येतो. सकाळी सहानंतर सर्वांना बसून बाहेर पाहण्याचा हक्क आहे.

दारात उभे राहून छायाचित्रे काढण्याचा मोह घाटात सर्वाधिक होतो आणि तेथेच तो सर्वाधिक घातक असतो. बोगद्याची भिंत आणि सिग्नलचे खांब डब्यापासून फार दूर नसतात. पायरीवर उभे राहून प्रवास करणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १५६ नुसार गुन्हा असून त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. दूधसागरजवळ उतरून रुळांवरून चालत जाण्यासही मनाई आहे. जुलै २०२३ मध्ये तेथे मोठी गर्दी झाल्यानंतर पर्यटकांवर कारवाई करण्यात आली आणि धबधबा डब्यात बसूनच पाहावा, असे आवाहन रेल्वेने केले.

घराजवळचे दृश्य

लांबच्या वाटांची चर्चा करताना घराजवळच्या वाटेकडे दुर्लक्ष होते. हिवाळ्यात उजनीच्या जलाशयावर रोहित, चित्रबलाक, पट्टकादंब यांचे थवे उतरतात. त्यांना पाहण्यासाठी पुण्या-मुंबईचे लोक भिगवण आणि कुंभारगावला येतात. दौंड-सोलापूर मार्गावर दिवसा धावणाऱ्या गाडीतून हा जलाशय सहज पाहता येतो. सोलापूरहून सकाळी सहाच्या सुमारास मुंबईला निघणारी वंदे भारत एक्स्प्रेस फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. उजनीचा जलाशय आणि बोर घाट ती दुपारपूर्वीच पार करते. संध्याकाळी मुंबईहून परतणाऱ्या त्याच गाडीतून उजनी दिसत नाही, कारण तोपर्यंत रात्र झालेली असते.

बारामतीची स्थितीही बदलण्याच्या मार्गावर आहे. लोणंद-फलटण लोहमार्गावर २०१९ पासून गाडी धावू लागली. फलटण ते बारामती हा उरलेला टप्पा जोडला गेला, की बारामती हे फाट्याचे शेवटचे टोक राहणार नाही. पुणे-मिरज मार्ग आणि दौंड-सोलापूर मार्ग बारामतीमार्गे एकमेकांना जोडले जातील. तोपर्यंत दूधसागरच्या वाटेला लागण्यासाठी बारामतीकरांना आधी उलट दिशेला पुण्याकडेच जावे लागणार आहे.

तिकीट काढण्यापूर्वी

- एकच ठिकाण निवडावे : दूधसागर, कोकणातील खाड्या, मलबारचा किनारा की दख्खनचे पठार. एका फेरीत सर्व काही उजेडात दिसत नाही.

- त्या ठिकाणाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या स्थानकावर गाडी किती वाजता येते, ते अधिकृत वेळापत्रकात पाहावे. त्या महिन्यातील सूर्योदय-सूर्यास्ताशी त्याचा मेळ घालावा.

- जाताना एक आणि येताना दुसरा मार्ग घेतल्यास खर्चात फार फरक न पडता दोन प्रदेश पाहता येतात. जाताना पूर्णा एक्स्प्रेस आणि परतताना कन्याकुमारी-पुणे एक्स्प्रेस ही जोडी या भागातील प्रवाशांना सोयीची. परतीची गाडी दौंडमार्गे येत असल्याने पुण्यापर्यंत जाऊन मागे येण्याचा हेलपाटा वाचू शकतो. मात्र दौंडचा थांबा आणि वेळ आधी तपासावी.

- दौंडहून गाडी पकडताना तिकिटावरील स्थानकाचे पूर्ण नाव वाचावे. 'दौंड जंक्शन' आणि 'दौंड कॉर्ड लाईन' ही दोन वेगळी स्थानके आहेत. पुण्याहून मनमाडच्या दिशेने जाणाऱ्या अनेक गाड्या दुसऱ्या स्थानकावर थांबतात.

- बारामतीहून पुण्याला जाऊन पुढची गाडी पकडायची असेल, तर मध्ये किमान तीन तासांचे अंतर ठेवावे. आठवड्यातून एकदाच असलेली गाडी चुकली, तर सहलच चुकते.